श्वास मिनिटाला किती, खोकला किती दिवसांचा?

"सर, खोकला जाऊनच नाही राहिला."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. "रोगराई, खोकला घेऊन जा गे मारबत" असं ओरडत अख्खं गाव तिच्यामागे चालतं. काळ्या मारबतीची ही प्रथा १८८१ पासूनची. ज्याने कोणी त्या आरोळीत खोकल्याचं नाव घातलं त्याला ऋतूचं भान पक्कं होतं, कारण श्रावण संपता संपता आपल्याकडे फ्लूचा हंगाम ऐन भरात असतो. मारबत जळून जाते आणि पुढच्या सोमवारी माझ्या दवाखान्यातलं बाकडं खोकणाऱ्यांनी भरलेलं असतं.

वरचं वाक्य त्यातल्याच एकाचं. वय बावीस, मूळ गाव गडचिरोलीकडे, नंदनवनला तीन मित्रांसोबत खोली करून स्पर्धा परीक्षेची तयारी. खोकल्याचा नववा दिवस. त्याने पिशवी टेबलावर रिकामी केली. अझिथ्रोमायसीनची तीन गोळ्यांची संपलेली स्ट्रिप, दुसऱ्या एका अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप, कफ सिरपच्या दोन बाटल्या, रक्ताचे रिपोर्ट आणि छातीचा एक्स-रे.

"हे कोणी दिलं?"

"मेडिकलवाल्यानं."

नागपुरात या उत्तराचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे औषधाचं दुकान, दुसरं म्हणजे हनुमाननगरजवळचं सरकारी रुग्णालय, ज्याला सगळं विदर्भ नुसतं 'मेडिकल' म्हणतो. इथे अर्थ पहिला होता.

नऊ दिवसांत त्याचे दोन हजारांच्या आसपास रुपये गेले होते. एक गोष्ट मात्र कोणीच केली नव्हती, आणि तिला पैसे लागत नाहीत. घड्याळ बघून त्याचे श्वास कोणी मोजले नव्हते. मी नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरलं आणि नजर त्याच्या पोटाकडे ठेवली. पूर्ण एक मिनिट. सोळा. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर अठ्ठ्याण्णव. ताप नाही, नाडी चौऱ्याऐंशी, छाती दोन्हीकडे स्वच्छ. मुलाला काही होत नव्हतं असं नाही, पण जे होतं त्यासाठी त्या पिशवीतलं जवळपास काहीच लागणार नव्हतं.

तरुण माणसाचा सर्दी-खोकला तपासताना डॉक्टर नेमकं काय शोधत असतो, हे यातून सांगायचा प्रयत्न करतो.

आधी एक शब्द सोडवून घेऊ. कागदोपत्री या आजारांना 'तीव्र श्वसनमार्ग संसर्ग' म्हणतात आणि 'तीव्र' वाचून लोक घाबरतात. इथे तीव्र म्हणजे भयंकर असं नाही. अचानक आलेला आणि थोड्या दिवसांचा, एवढाच अर्थ. साधी शिंकाशिंकीची सर्दीही त्यातच येते आणि चार दिवसांत आयसीयूत नेणारा न्यूमोनियाही त्यातच.

बहुतेकांना वाटतं की निदान म्हणजे जंतूचं नाव. "व्हायरल आहे की इन्फेक्शन?" हा प्रश्न मला रोज विचारला जातो. (व्हायरलही इन्फेक्शनच असतं, पण विचारणाऱ्याला काय म्हणायचंय ते कळतं.) खरं तर नुसत्या सर्दीचे विषाणू दोनशेच्या वर आहेत, त्यात एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार. नाव कळलं तरी बहुतेकांवर वेगळं औषध नाही. म्हणून डॉक्टर आधी जागा शोधतो. संसर्ग नाक-घशात आहे, मधल्या नळ्यांत आहे की पार खाली फुग्यांत पोहोचलाय?

नाकातून निघालेली हवा श्वासनलिकेत येते. ती नलिका दोन फाट्यांत फुटते, ते फाटे पुन्हा फुटतात, असं तेवीसेक वेळा होतं. शेवटी द्राक्षांच्या घडासारखे बारीक फुगे असतात, दोन्ही फुप्फुसांत मिळून तीस कोटींच्या घरात. नळ्यांचं काम हवा नेणं, फुग्यांचं काम तिच्यातला ऑक्सिजन रक्तात उतरवणं. नळ्या सुजल्या तर खोकला बेजार करतो, रात्र रात्र झोपू देत नाही, पण ऑक्सिजन उतरत राहतो. फुग्यांत पू-पाणी भरलं तर तोच अडतो आणि शरीर एकच उपाय करतं: श्वास भराभर घ्यायला लागतं. नळ्यांच्या सुजेला ब्रॉन्कायटिस म्हणतात, फुगे भरण्याला न्यूमोनिया. आवाज मोठा कशाचा आहे यावर जाऊ नका. न्यूमोनियाचा खोकला कधी कधी अगदी किरकोळ असतो.

म्हणून श्वास मोजायचे. धडधाकट तरुण माणसाचे, निवांत बसलेला असताना, मिनिटाला बारा ते वीस. चोवीस झाले की माझे कान टवकारतात. तीस म्हणजे उशीर करायचा नाही. मोजायची एक युक्ती आहे: ज्याचे मोजायचे त्याला सांगायचं नाही. "तुझे श्वास मोजतो" म्हटलं की माणूस योगासनांना बसल्यासारखा सावकाश घ्यायला लागतो. दुसरं, पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका. एका श्वासाची चूक चाराची होते.

तरुण माणसाच्या खोकल्यात न्यूमोनिया नसल्याची बऱ्यापैकी खात्री चार गोष्टींवरून देता येते: नाडी शंभराच्या आत, श्वास चोवीसच्या आत, ताप १००.४ च्या आत आणि स्टेथोस्कोप लावल्यावर छातीत एका जागी वेगळा आवाज नाही. चारही ठीक असतील तर एक्स-रे काढायची सहसा गरज पडत नाही. माझ्या या पोराचा एक्स-रे स्वच्छ होता, आणि तो स्वच्छ निघणार हे त्या चार गोष्टींनी आधीच सांगितलं असतं.

छातीवर टिचक्या का मारतात

पाठीवर एक बोट टेकवून दुसऱ्या बोटाने त्यावर ठोकणारे डॉक्टर आता कमी झालेत. ही पद्धत १७६१ साली लिओपोल्ड औएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरने लिहून ठेवली. त्याच्या वडिलांची खानावळ होती, आणि पिंपात दारू कुठवर उरलीय हे ठोकून ओळखायचं हे त्याने लहानपणी पाहिलेलं. ज्यांच्या घरी धान्याची कोठी होती त्यांना हे वेगळं सांगायला नको. रिकाम्या भागात आवाज घुमतो, भरल्या भागात बसका येतो. फुप्फुसाचंही तसंच.

स्टेथोस्कोप त्यानंतरचा. १८१६ मध्ये पॅरिसच्या लेनेकने कागदाची सुरळी करून एका तरुणीच्या छातीला लावली, पुढे लाकडी नळी केली. दहा वर्षांनी तो क्षयानेच गेला. नळीतून आम्ही ऐकतो ते तीन-चार प्रकारचं असतं. कानाजवळ केसांची बट बोटांत चोळली की जो बारीक चरचर आवाज येतो, तसा एका बाजूला खाली आला तर न्यूमोनियाचा संशय. शिट्टी वाजल्यासारखा दोन्हीकडे आला तर नळ्या आवळल्यात, दम्याचा विचार करायचा. घरघर आली आणि खोकल्यावर गेली तर ती नळ्यांतल्या कफाची. आणि "एक-दोन-तीन म्हणा" असं आम्ही म्हणायला लावतो ते यासाठी की भरलेल्या फुप्फुसातून आवाज नळीत जास्त ठळक ऐकू येतो. शर्टावरून हे काहीही नीट कळत नाही. शर्ट वर करायला सांगणाऱ्या डॉक्टरवर चिडू नका.

ऑक्सिमीटर कोविडनंतर घरोघरी आहे, बहुतेक ठिकाणी सेल संपलेल्या अवस्थेत. गार पडलेली बोटं, नेलपॉलिश यांनी आकडा बिघडतो, आणि सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो. तेव्हा ९४ दिसला की "काठावर आहे, चालेल" म्हणू नका. दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रभर सांगितलेली सहा मिनिटं चालण्याची चाचणी मला आजही आवडते: बसल्या जागी आकडा ठीक आहे, घरातल्या घरात सहा मिनिटं चालला आणि तो ९४ च्या खाली गेला किंवा तीन-चारने घसरला, तर फुप्फुसात काहीतरी आहे. ज्याला बसूनच धाप लागतेय त्याला मात्र चालवू नका. त्याला दवाखान्यात न्या.

घसा

घशाबद्दल एक जुनं, साधं गणित आहे. रॉबर्ट सेंटर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९८१ मध्ये मोठ्या माणसांच्या घशासाठी चार प्रश्न मांडले. ताप आहे का? टॉन्सिलवर पांढरे-पिवळे ठिपके आहेत का? जबड्याखाली पुढच्या बाजूच्या गाठी सुजून दुखतात का? आणि खोकला नाही ना? प्रत्येक 'हो'ला एक गुण. हा चौथा प्रश्न मला फार हुशारीचा वाटतो. घसा दुखतोय, सोबत खोकला आहे, नाक गळतंय, आवाज बसलाय, तर एकाच जागी बसणारा स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू तिथे असण्याची शक्यता कमी होते, कारण इतका पसारा विषाणूच मांडतात. शून्य किंवा एक गुण असेल तर अँटिबायोटिक नको, तपासणीही नको. आणि गंमत अशी की चारपैकी चार गुण मिळाले तरी स्ट्रेप्टोकोकस सापडण्याची शक्यता निम्म्याच्या आसपासच. 'घसा लाल आहे' एवढ्यावर गोळ्या देणाऱ्याचं काय होत असेल ते बघा.

पंधरा ते पंचविशीतल्या घशात दोन पाहुणे मुद्दाम लक्षात ठेवायचे. पहिला एपस्टाइन-बार विषाणू. घसा भयंकर सुजतो, मानेच्या मागच्या गाठीही येतात, आठवडा उलटला तरी माणूस गळून गेलेला. याला चुकून अमॉक्सिसिलिन दिलं की अंगभर पुरळ उठतं आणि घरचे 'रिअ‍ॅक्शन आली' म्हणून घाबरतात. या आजारात पाणथरी (प्लीहा) सुजते, म्हणून तीन-चार आठवडे कबड्डी वगैरे बंद. दुसरा पाहुणा टॉन्सिलच्या मागे होणारा पूचा फोड. एकाच बाजूला जीव घेणारं दुखणं, तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, थुंकी गिळवत नाही, आणि बोलणं तोंडात गरम भजं धरल्यासारखं. हा गोळ्यांनी बरा करायचा प्रकार नाही. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे.

सायनसचं थोडक्यात सांगतो. कपाळ-गाल जड होणं प्रत्येक सर्दीत असतं. दहा दिवस झाले आणि तिळमात्र फरक नाही, किंवा बरं होत आलेलं पुन्हा बिघडलं, किंवा सुरुवातीलाच १०२ च्या वर ताप आणि घट्ट पिवळा शेंबूड सलग तीन-चार दिवस, तरच जिवाणूंचा विचार. तर्री पोह्यांच्या गाडीवर जे नाक वाहतं त्याला सायनस म्हणत नाहीत, हेही मला एकदा समजावून सांगावं लागलं आहे.

दिवस मोजायचे

श्वासानंतर दुसरी मोजायची गोष्ट म्हणजे दिवस. इथे लोकांचा आणि आजाराचा हिशेब जुळत नाही. खोकला किती दिवस चालावा असं विचारलं तर बहुतेक लोक आठवडा सांगतात. साध्या ब्रॉन्कायटिसचा खोकला प्रत्यक्षात सरासरी अठरा दिवस चालतो. मधल्या अकरा दिवसांच्या फरकातच सगळ्या स्ट्रिपा विकल्या जातात. पाचव्या दिवशी पहिलं अँटिबायोटिक, नवव्या दिवशी दुसरं, चौदाव्या दिवशी तिसरं, आणि अठराव्या दिवशी खोकला आपला आपण जातो तेव्हा श्रेय तिसऱ्याला. 'मला तेच लागू पडतं' असं मग आयुष्यभर सांगितलं जातं. माझ्या पोराच्या बाबतीत मी हाच हिशेब कागदावर काढून दाखवला. त्याला आकडेमोड आवडते, त्याला पटलं.

"पण सर, कफ हिरवा पडून राहिला ना."

हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा. त्यांच्यात लोह असलेलं एक हिरवं प्रथिन असतं, पेशी कामाला आल्या की कफाला तो रंग चढतो. विषाणूशी लढतानाही येतो, जिवाणूशी लढतानाही. रंगावरून शत्रू ओळखता येत नाही. रक्त दिसलं तर ती गोष्ट वेगळी.

दिवस नुसते मोजून भागत नाही, तापाचा आलेखही बघावा लागतो. मिहानमध्ये, म्हणजे नागपूरच्या विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या भागात, नोकरी करणारी एक चोवीस वर्षांची मुलगी तिच्या रूममेटबरोबर आली होती. पहिल्या दिवशी अंग मोडून ताप, डोकं, सुका खोकला, असा सरळ फ्लू. तिसऱ्या दिवशी उतार. चौथ्या दिवशी ती चक्क लॉगिन करून बसली. पाचव्या रात्री थंडी वाजून पुन्हा ताप, आणि उजव्या बरगडीखाली श्वास घेतला की सुई टोचल्यासारखी कळ. श्वास बत्तीस, ऑक्सिजन एक्क्याण्णव. बरं होऊन पुन्हा बिघडणं ही फ्लूमागून शिरलेल्या जिवाणूची ओळखीची चाल आहे. तिला मी गोळी लिहून दिली नाही, भरतीची चिठ्ठी दिली. उलट बाजूने सांगायचं तर दणकून येणारा फ्लू पहिल्या ४८ तासांत ओळखला तर ओसेल्टामिविर या फ्लूवरच्या औषधाचा फायदा जास्त, विशेषतः गरोदर बायकांना, दम्याच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णांना. २०१५ च्या सुरुवातीला स्वाइन फ्लूने नागपुरात जे दिवस दाखवले ते ज्यांनी पाहिलेत, ते गरोदर बाईच्या तापाला 'बघू दोन दिवस' म्हणत नाहीत.

दोन आठवड्यांची रेघ मात्र ठळक. खोकला त्यापुढे गेला की थुंकी तपासायची, माणूस कितीही तरुण, कितीही धट्टाकट्टा दिसो. आपल्या देशात क्षय म्हाताऱ्यांचा आजार नाही, कमावत्या वयाचा आहे. इथे माझी एक जुनी चूक सांगतो. एका मुलाला तिसऱ्या आठवड्यातल्या खोकल्यासाठी मी लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं. आठ दिवसांत ताप गेला, भूक लागली, तो खूश, मीही खूश. दोन महिन्यांनी तो सात किलो उतरून परत आला. लिव्होफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूलाही थोडं मारतं. पुरतं मारत नाही, पण आजार झाकायला तेवढं पुरतं. तेव्हापासून थुंकी तपासल्याशिवाय मी ते खोकल्याला देत नाही. सीबीनॅट किंवा गोव्यात तयार झालेलं ट्रूनॅट यंत्र दोनेक तासांत जंतू आहे का आणि मुख्य औषधाला दाद देईल का हे सांगतं. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते, उपचारही फुकट, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला हजार रुपये मिळतात. सकाळची थुंकी द्यायची, लाळ नाही. बऱ्याच 'निगेटिव्ह' रिपोर्टांच्या डबीत नुसती लाळ असते.

रक्ताच्या तपासण्यांचं काय

पोराच्या फायलीत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) होता, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी तपासणी) होती आणि अर्थातच टायफॉइडसाठीची विडाल होती. "टायफॉइडचा अंशही निघाला सर." खोकल्याच्या रुग्णाला विडाल करायला कोण सांगतं आणि का, हे कोडं मला वीस वर्षं सुटलेलं नाही. ही चाचणी जुन्या आजारालाही 'पॉझिटिव्ह' होते, दुसऱ्याच तापालाही होते. आपल्या भागात ज्याची करावी त्याची थोडीफार निघते. तो अंश त्या कागदावरचा, पोटात टायफॉइड असेलच असं नाही.

सीबीसीतल्या पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे जिवाणू, कमी म्हणजे विषाणू, हे सूत्र इतकं ढोबळ आहे की त्यावर औषध ठरवू नये. सीआरपी थोडी बरी. खोकल्याचा रुग्ण तपासून शंका उरलीच तर लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या खाली असताना अँटिबायोटिक टाळता येतं, १०० च्या वर असेल तर द्यावं. मधला आकडा आला की पुन्हा रुग्णाकडेच बघायचं. हजारो रुपयांचं ते एका नमुन्यात वीस जंतू शोधणारं पॅनेल चालत्या-बोलत्या तरुणाला करू नये, असं माझं स्पष्ट मत. नाव छान येतं, उपचार तोच राहतो. आणि पहिल्या एक-दोन दिवसांत न्यूमोनिया असूनही एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, म्हणून श्वास वाढलेला असेल तर स्वच्छ फिल्म बघून घरी जाऊ नका.

विदर्भात तीन गोष्टी वरच्या सगळ्या हिशेबाच्या बाहेर आहेत.

पहिली सिकलसेल, आईवडिलांकडून येणारा, लाल पेशी वाकड्या करणारा रक्ताचा आजार. आपल्याकडे 'एएस' आणि 'एसएस' हे शब्द गावातल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक असतात. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या तरुणाला ताप, खोकला आणि छातीत दुखणं एकत्र आलं तर तो खोकला नसतो, घात असतो. वाकड्या झालेल्या लाल पेशी फुप्फुसाच्याच रक्तवाहिन्यांत अडकतात आणि काही तासांत ऑक्सिजन कोसळू शकतो. त्यात बहुतेकांची पाणथरी लहानपणीच निकामी झालेली असते, त्यामुळे न्यूमोकोकससारखे जिवाणू मोकाट सुटतात. अशा रुग्णाने दिवस मोजत बसू नये. त्याच दिवशी मेडिकल, मेयो (नागपुरातलं दुसरं सरकारी रुग्णालय), एम्स, जे जवळ असेल ते गाठावं आणि दारातच "एसएस आहे" हे सांगावं. तपासायला बसलेल्या डॉक्टरने विचारलं नाही तरी सांगावं. एएस म्हणजे नुसता वाहक, त्याला एरवी ही भीती नाही.

दुसरी स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत याने माणसं घेतली. गवतातला बारीक किडा चावतो, आठ-दहा दिवसांनी ताप, डोकेदुखी, काहींना खोकला आणि मग दम. चावल्या जागी सिगारेटचा चटका दिल्यासारखी काळी खपली पडते, पण ती काखेत, जांघेत, पट्ट्याखाली लपलेली असते, आणि तिथे दुखत-खाजत नसल्यामुळे रुग्णाला पत्ता नसतो. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं इथे निरुपयोगी, डॉक्सिसायक्लिन दोन दिवसांत ताप उतरवतं. शेतातून, गवत कापून आलेल्या तापाच्या माणसाचे कपडे उतरवून तपासावं लागतं. लाज वाटते, पण इलाज नाही.

तिसरी गोष्ट आजार नाही, सवय आहे: 'सुई लावून द्या ना' आणि 'एक सलाईन चढवून द्या'. सर्दी-खोकल्याला इंजेक्शन लागत नाही. आणि ज्याला खरोखर सलाईन लागतं त्याला माझ्या बाकड्यावर नाही, रुग्णालयात लागतं.

एवढं वाचून कोणाला वाटेल की हा माणूस अँटिबायोटिकच्या विरोधात आहे. तसं नाही. होस्टेल, खोल्या, बराकी अशा ठिकाणी मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू सावकाश फिरतो. एकाकडून दुसऱ्याकडे जायला दोन-तीन आठवडे घेतो. बारीक ताप, डोकेदुखी आणि न थांबणारा सुका खोकला. माणूस चालता-फिरता असतो आणि एक्स-रे बघितला तर दचकायला होतं, इतकं दोघांत अंतर. या जंतूला बाहेरची भिंतच नसते आणि अमॉक्सिसिलिन काम करतं ते भिंतीवर, त्यामुळे ते वाया जातं. तिथे अझिथ्रोमायसीन किंवा डॉक्सिसायक्लिन हेच खरं औषध. दुकानातून परस्पर घेतलेली गोळी कधी कधी लागू पडते ती अशीच.

पोराला मी काय दिलं? मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, रात्री झोपताना मध, ताप आला तर पॅरासिटामॉल, आणि एक कागद. कागदावर चार ओळी: श्वास चोवीसच्या वर, ऑक्सिजन चौऱ्याण्णव किंवा त्याखाली, थुंकीत रक्त, बरं होऊन पुन्हा ताप. यातलं एकही दिसलं तर लगेच ये, नाहीतर पंधराव्या दिवशी थुंकीची डबी घेऊन ये. मोबाइलवर एक मिनिटाचा गजर लावून श्वास कसे मोजायचे हे माझ्यावरच करून दाखवायला लावलं. माझे अठरा निघाले. "सर, तुम्ही पायऱ्या चढून आले ना आत्ता," म्हणाला. निरीक्षण बरं होतं.

पंधराव्या दिवशी तो डबी घेऊन आला. रिपोर्ट निगेटिव्ह. खोकला उतरणीला लागला होता, एकोणिसाव्या दिवशी गेला. मी त्याला विसरलोही होतो.

तीन आठवड्यांनी रात्री पावणेनऊला, दवाखान्याचं शटर अर्धं ओढलेलं असताना, तो पुन्हा आला. सोबत खोलीतला दुसरा मुलगा, अंगात स्वेटर, ऑक्टोबरच्या उकाड्यात.

"याला सहा दिवस झाले खोकून राहिला. ताप शंभराच्या वर जात नाही. हा म्हणते काही नाही झालं, मेडिकलमधून गोळी आणतो."

"मग?"

"झोपला होता तेव्हा मोजले सर. दोनदा मोजले. सव्वीस."

मी स्वेटर काढायला सांगितला, मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहिलं. सव्वीसच होते.